असेंबल्ड कॉम्प्युटरची रॅम: आधी मदरबोर्ड बघा

पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची, लॅमिंग्टन रोडवरून रॅम आणायची आणि नाशिकला परतल्यावर कळायचं की ती बोर्डात बसतच नाही. ही फुकटची फेरी टाळायची तर निघण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: मदरबोर्डचं पूर्ण मॉडेल, प्रोसेसरचं नाव आणि रॅमचे रिकामे स्लॉट (रॅम बसवायच्या खाचा) किती. जुना कॉम्प्युटर चालू असेल तर सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर हे सगळं दाखवतं.

सगळ्यात आधी रॅमची पिढी, म्हणजे डीडीआरपुढचा आकडा, बोर्डाशी जुळली पाहिजे. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं, अनुक्रमे १.२ आणि १.१. जोर लावलात तर स्लॉट जाईल, रॅम बसणार नाही. एएमडीच्या रायझन प्रोसेसरचं सोपं आहे: एएम४ सॉकेटच्या बोर्डाला डीडीआर४, एएम५ला फक्त डीडीआर५. खरा घोळ इंटेलच्या १२ ते १४व्या पिढीत होतो. प्रोसेसर दोन्ही चालवतो, बहुतेक बोर्ड मात्र दोन्हींपैकी एकच. त्यामुळे दुकानात नुसतं ‘बी७६०’ हे चिपसेटचं नाव सांगून भागत नाही. डीडीआर४च्या बोर्डांच्या नावात बहुतेकदा ‘डी४’ किंवा ‘डीडीआर४’ असतं. तरी कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलचं पान उघडून खात्री करा आणि तिथली क्यूव्हीएल, म्हणजे तपासलेल्या रॅमची यादी, बघून घ्या. यादीत नसलेली रॅम चालतच नाही असं नाही, पण असलेली घेतली की डोकेदुखी कमी.

सेकंडहँड बाजारात ३२ जीबीची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, फारच स्वस्त दिसली तर लेबल वाचा. त्यावर ‘रजिस्टर्ड’ किंवा ‘आरडिम’ लिहिलं असेल तर ती सर्व्हरची आहे. डीडीआर४ची अशी स्टिक घरच्या बोर्डात नीट बसते, पण स्क्रीन काळीच राहते.

१६ जीबी हवी असेल तर ८-८च्या दोन स्टिक घ्या, म्हणजे ड्युअल चॅनल मिळतं, दोन्ही स्टिकमधून एकाच वेळी डेटा जातो. व्हिडिओ एडिटिंगला १६-१६. दोन्ही एकाच बॉक्समधल्या घ्या. एकाच मॉडेलच्या सुट्या स्टिकमध्येही आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात. ‘आत्ता दोन, पुढे आणखी दोन’ हा बेत एएम५वर करू नका. चार स्टिक लावल्या की एएमडीची अधिकृत स्पीडमर्यादा ३६००वर येते.

स्पीडबरोबर सीएलचा, म्हणजे रॅमला उत्तर द्यायला लागणाऱ्या वेळेचा, आकडाही बघा. सीएलला २०००ने गुणून स्पीडने भागलं की नॅनोसेकंद मिळतात: ३२००चा सीएल१६ म्हणजे १०, ६०००चा सीएल३० म्हणजेही १०, पण ६०००चा सीएल४० म्हणजे १३.३. रायझन ७०००साठी ६०००, सीएल३० ही चांगली निवड.

बसवताना वायर काढा आणि पॉवरचं बटण दाबून उरलेला करंट जाऊ द्या. नाशिकच्या कोरड्या थंडीत लोकरी स्वेटर काढून ठेवा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि मगच स्टिक धरा. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा वापरायचा. दोन्ही टोकं नीट दाबा. एक टोक अर्धवट राहणं हीच ‘डिस्प्ले येत नाही’ या तक्रारीची नेहमीचं मूळ.

एएम५वर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. बोर्ड तेव्हा रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे तिच्याशी जुळवून घेत असतो, घाबरून वीज बंद करू नका. लाइट जायची शक्यता असेल तर यूपीएस लावूनच बसा. मग बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो हे रॅमच्या पूर्ण स्पीडचं सेटिंग चालू करा, नाहीतर ६०००ची रॅम बहुधा ४८००वरच धावेल. सीपीयू-झेडमध्ये ३०००च दिसले तर फसवणूक समजू नका. तिथे घड्याळाचा वेग दिसतो, डेटा त्याच्या दुप्पट जातो.

शेवटी मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवा. एरर आली तर एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करून पुन्हा चालवा. तरीही एक जरी एरर दिसली तरी एकेक स्टिक वेगळी तपासा आणि बिलाची मुदत आहे तोवर पूर्ण जोडी बदलून घ्या.