कुत्र्याला घेऊन व्हॅनमधून कोकण किनारा: प्रवास तिथी पाहून आखावा

राजस्थानच्या वाळवंटात कुत्र्याला घेऊन हिंडून आलेली मंडळी कोकणाला सहसा सोपे समजतात. जैसलमेरकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि रत्नागिरी-मालवणकडे तो पस्तिशीच्या आसपास घुटमळतो, एवढ्यावरून हा समज होतो; पण कुत्र्याचे अंग थंड कसे होते हे पाहिले म्हणजे तो टिकत नाही. कुत्र्याला पंजांखेरीज फारसा घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरचा आणि श्वासमार्गातला ओलावा हवेत उडून जातो आणि त्याबरोबर अंगातली उष्णता बाहेर पडते. कोरड्या हवेत हे झपाट्याने घडते आणि हिवाळ्यात वाळवंटातल्या रात्रीही गार असतात. कोकणच्या दमट हवेत मात्र ओलावा सहज उडत नाही, आणि मार्चपासून रात्रीही उकडू लागते. म्हणून हा प्रवास नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच करावा, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला त्या दिवसांतही दुपारी सावलीतच ठेवावे.

निघण्यापूर्वीची तयारी दीड महिना आधी सुरू करावी लागते, कारण लेप्टोस्पायरोसिसची लस पहिल्यांदा देताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरणारा हा आजार कोकणात नवा नाही, आणि कुत्रा तर वाटेतले प्रत्येक डबके चाटून पाहतो. रेबीजची लस चालू वर्षाची असावी, गोचिडांवरचे औषध निघण्याआधी दिलेले असावे आणि लसीकरणाचे कार्ड गाडीत ठेवावे. तालुक्यांच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, पण तिथला मुख्य राबता गाई-म्हशींचा असतो. कुत्र्यामांजरांवर उपचार करणारे खासगी डॉक्टर अलिबाग, चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी अशा मोठ्या गावांत शोधावेत आणि त्यांचे क्रमांक आधीच लिहून ठेवावेत. पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ हा निःशुल्क क्रमांकही त्याच कागदावर असावा.

गाडीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. छताला उष्णतारोधक थर आणि हवा बाहेर फेकणारा पंखा असावा, कुत्र्याला गळपट्ट्याने नव्हे तर छातीच्या हार्नेसने सीटच्या पट्ट्याशी जखडावे, आणि घाटात उतरण्याआधी तीन-चार तास त्याला खाऊ घालू नये. ताम्हिणी किंवा आंबा घाटातली वळणे भरल्या पोटी घेतली तर पुढचा तास गादी धुण्यात जातो. गोडे पाणी मात्र सढळ हाताने घ्यावे. वीस किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला लिटरभर पाणी पुरते, किनाऱ्यावर त्याच्या दुप्पट लागू शकते. अंग धुण्यासाठी वीस लिटरचा कॅन वेगळा ठेवावा. उभ्या गाडीत, काच उघडी ठेवून का होईना, कुत्र्याला एकटे सोडू नये. सिंधुदुर्ग किंवा जंजिरा पाहायचा असेल, तर माणसांनी पाळीपाळीने होडीत बसावे आणि एकाने कुत्र्यापाशी थांबावे.

आता तिथीकडे वळू, कारण माझ्या मते सारा प्रवास तिच्यावरच उभा आहे. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी-मध्यरात्री ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी-मध्यरात्री बाराच्या अलीकडे-पलीकडे येते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी. कुत्र्याला हिंडवण्याच्या वेळाही नेमक्या ह्याच आहेत. पौर्णिमेच्या आसपास पहाटे गुहागरच्या किंवा मुरुडच्या पुळणीवर उतरले, तर टणक, ओली, गार वाळू दूरवर मोकळी मिळते. अष्टमीच्या आसपास त्याच वेळी पाणी वर चढलेले असते आणि कुत्र्याला कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय ओढत चालावे लागते. त्यामुळे आठ दिवसांची सहल असेल, तर पौर्णिमा किंवा अमावास्या मधोमध येईल अशी ती बेतावी. ह्याच तिथींच्या आसपास येणारी उधाणाची भरती मोठी असते एवढे ध्यानात ठेवून गाडी रात्री किनाऱ्यालगत लावू नये, आणि पुळणीवर तर ती कधीच उतरवू नये. व्हॅनचे वजन वाळू पेलत नाही, आणि रुतलेल्या गाडीला भरतीने वेढल्याचे प्रकार ह्या किनाऱ्यावर वारंवार घडले आहेत.

मार्ग रेवस ते रेडी ह्या सागरी महामार्गाचा धरावा आणि तो अखंड रस्ता आहे असे समजू नये. आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेश्वीला, दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला गाडी फेरीबोटीवर चढवून खाडी ओलांडता येते. उधाणाच्या दिवसांत बोट दुपारी, भरतीच्या सुमारास धरावी, कारण ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि मागे लांब शेपूट असलेल्या व्हॅनची बूड घासण्याची भीती राहते. बोटीवर इंजिन बंद ठेवायचे असल्याने कुत्र्याला गाडीतून खाली घ्यावे, दोर आखूड धरावा आणि लोखंडी फळीवर उभे करण्याआधी तिला हाताची पालथी बाजू लावून पाहावी. पाच-सात सेकंद हात ठेववत नसेल, तर तिथे कुत्र्याचा पंजाही ठेवू नये.

आमचा कुत्रा कारवानी जातीचा, म्हणजे लांब पायांचा आणि लांब नाकाचा. उन्हाला तो चिवट म्हणून पहिल्या फेरीत मी निर्धास्त होतो. गुहागरला चेंडू आणताना त्याने प्रत्येक वेळी दोन घोट समुद्राचे पाणी गिळले, ते मी कौतुकाने पाहत राहिलो, आणि रात्री व्हॅनमध्ये जुलाबांनी आम्हा सर्वांना जागे ठेवले. खारे पाणी थोडे पोटात गेले तर जुलाबावर निभावते. जास्त गेले तर उलट्या, लडखडणे, झटके इथवर मजल जाते आणि मग दवाखान्याला पर्याय उरत नाही. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी खेळ थांबवून गोडे पाणी पाजावे. ओल्या वाळूत चेंडू टाकला की तोंडात वाळूही जाते आणि ती आतड्यात साचू शकते. त्यापेक्षा पाण्यावर तरंगणारी काठी बरी. मासळी वाळत घातलेल्या ओट्यांजवळ, विशेषतः हर्णैसारख्या बंदरात, दोर सोडू नये. त्यात कोळणींचे नुकसान आहेच, शिवाय जाळ्यांच्या तुकड्यांतले गळ, पाकटाचा काटा आणि किनाऱ्यावर फेकून दिलेला विषारी केंड मासा हे सारे कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असते. फेरफटका संपला की गोड्या पाण्याने अंग धुऊन कान आतून कोरडे करावेत.

वेळास, आंजर्ले आणि कासवांच्या विणीच्या इतर किनाऱ्यांवर कुत्र्याला मोकळे सोडणे हा गुन्हाच समजावा, मग कायदा काहीही म्हणो. ऑलिव्ह रिडले कासवीण हिवाळ्यात रात्री भरतीरेषेच्या वर येऊन वाळूत अंडी घालते, आणि तो वास कुत्र्याला लांबून येतो. आपला प्रवास आणि तिची वीण एकाच ऋतूत पडत असल्यामुळे अंधारात तिथे कुत्र्याला नेऊच नये. सकाळीही दोर लावून पाण्यालगतच्या ओल्या पट्ट्यातून चालावे.

किनारा सोडून रस्ता वर चढला की कातळाचे सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारे, लागतात. राजापूर, देवगडकडचे हे सडे पावसाळ्यानंतर काही महिन्यांतच असे करपतात, की कोकणातही वाळवंट आहे असे म्हणावे. जांभा दगड तापतो, सावली नसते, पाणी नसते. इथे कातळशिल्पे पाहायची असतील, तर ती सकाळी नऊच्या आत पाहावीत आणि कुत्र्याला कोरीव रेषांवरून चालू देऊ नये. दगडांच्या फटीत फुरसे असते. लहान, मातकट, सहज न दिसणारा हा साप अंगावरचे खवले घासून करकर आवाज करतो, आणि कुत्रा त्या आवाजाकडेच नाक नेतो. दंश झाल्यास आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, कुत्र्याला चालवू नये. उचलून गाडीत घालावे आणि निघतानाच डॉक्टरांना फोन करून प्रतिसर्पविष आहे का ते विचारावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चारांवरचे जे औषध माणसांना देतात, तेच कुत्र्यालाही चालते.

उन्हाने कुत्रा गळून गेला, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ घट्ट होऊन पाय लटपटू लागले, तर साधे गार पाणी पोटावर, जांघेत आणि पंजांवर ओतून पंखा लावावा आणि तसेच दवाखान्याकडे निघावे. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, तो उष्णता कोंडतो. जवळ नदी दिसली म्हणून त्यात उतरवण्याचा मोह मात्र आवरावा: चिपळूणची वाशिष्ठी, खेडची जगबुडी आणि महाडची सावित्री ह्या तिन्ही नद्यांत मगरी आहेत.

मुक्कामाला कोणाचे तरी खळे किंवा अंगण विचारून घ्यावे. विचारल्यावर कोकणी माणूस आधी दहा प्रश्न करतो आणि मग विहीरही दाखवतो. न विचारता बागेत गाडी लावली तर तोच माणूस सकाळी पोलीसपाटलाला घेऊन येतो, आणि त्यात चूक त्याची नसते. माडाखाली गाडी लावू नये, नारळ वेळ पाहून पडत नाही. कुत्र्याला रात्री व्हॅनमध्येच झोपवावे. बिबट्या वाडीत शिरतो तो बहुधा कुत्र्यासाठीच, आणि बाहेर चाकाला बांधलेल्या कुत्र्याला पळूनही जाता येत नाही. रात्रीची शेवटची शू माणसाने सोबत जाऊन, विजेरी घेऊन, गाडीपासून दहा पावलांत उरकावी. पहाटे रानाकडेला फिरतानाही दोर हवाच, कारण रानडुकरांसाठी लावलेली फासकी कुत्र्यालाही तशीच आवळते.

खाण्याचे नेहमीचेच ठेवावे. यजमानीण प्रेमाने कालवण-भात वाढते, त्यात कांदा, लसूण आणि काटे असतात. साधा भात मागून घ्यावा. फेब्रुवारीनंतर गेलात तर काजूच्या बियांपासून सावध राहावे, टरफलातले तेल तोंड भाजते. हापूसची कोयही कुत्रा अख्खी गिळतो आणि ती आतड्यात अडकली तर शस्त्रक्रिया करावी लागते.

रोज झोपण्यापूर्वी कानांच्या आत, काखेत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावी आणि चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. दोडामार्ग भागात २०१६ मध्ये गोचिडांतून माणसांना माकडतापाची लागण झाली होती, तेव्हा तिकडच्या रानातून आल्यावर स्वतःचे पायही तपासावेत. गोचीड तापाची लक्षणे कुत्र्यात दिसायला एक ते तीन आठवडे लागतात. घरी परतल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढावे आणि त्यानंतरचे तीन आठवडे कुत्र्यावर लक्ष ठेवावे. त्याने जेवण सोडले, अंग तापले किंवा नाकातून रक्त आले, तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगावे की आम्ही कोकणातून आलो आहोत.