एका नोडला डिस्क दिसते, दुसऱ्याला नाही?

दोन लिनक्स सर्व्हर (नोड) एकच स्टोरेज डिस्क वापरतात, अशा क्लस्टरमध्ये, महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला हमखास येणारी तक्रार. आधी एक सवय सोडा: ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ ही लिनक्सने डिस्कला दिलेली नावं जुळवत बसू नका. एकच लन (स्टोरेजने दिलेली डिस्क) दोन नोडवर वेगळ्या नावाने येऊ शकतं. डब्ल्यूडब्ल्यूआयडी, म्हणजे डिस्कचा सगळीकडे सारखाच राहणारा ओळख क्रमांक, जुळवा.

दुसऱ्या नोडवर ती डिस्क ‘एलएसबीएलके’ कमांडच्या यादीमध्येच नसेल, तर स्कझी बस रिस्कॅन करा, म्हणजे नोडला डिस्क पुन्हा शोधायला लावा. तरीही नाही? मग दोष बहुधा नोडबाहेर, झोनिंग किंवा लन मॅस्किंगमध्ये, म्हणजे कोणत्या सर्व्हरला कोणतं स्टोरेज दिसावं हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये. स्टोरेजवाल्यांना फोन लावा, रीबूट करून वेळ घालवू नका. आयस्कझी (नेटवर्कवरून जोडलेलं स्टोरेज) असेल तर इनिशिएटरचं, म्हणजे नोड स्टोरेजला सांगतो ते, नावही बघा. क्लोन केलेल्या व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीन) दोन्ही नोडचं नाव एकच निघतं आणि मग सेशनचा गोंधळ होतो.

खरी गंमत रेड हॅट लिनक्स ९ मध्ये. डिस्क दिसते, पण ‘पीव्हीएस’ कमांडला व्हॉल्यूम ग्रुपचा (एकत्र केलेल्या डिस्कच्या गटाचा) पत्ताच नाही! तिथे एलव्हीएम (डिस्कचे असे गट सांभाळणारी लिनक्सची व्यवस्था) डिव्हाइसेस फाइलमध्ये नोंद असलेल्याच डिस्क वाचतं, आणि ही फाइल प्रत्येक नोडची स्वतंत्र. दुसऱ्या नोडवर ‘एलव्हीएमडिव्हाइसेस’ कमांडने ती डिस्क जोडा.

दिसली म्हणून उत्साहाने माउंट मात्र करू नका (म्हणजे वापरायला जोडू नका). एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ ही साधी फाइल सिस्टिम दोन नोडवर एकदम माउंट केली की डेटा गेलाच समजा. त्यासाठी जीएफएस२सारखी क्लस्टर फाइल सिस्टिम लागते.