स्वच्छ ऊर्जा धोरणात तरुणांना सामील करून घ्यायचं, तर मसुद्याआधी

मसुदा छापून झाल्यावर हरकती-सूचना मागवायच्या, त्यासाठी पंधरा दिवस द्यायचे आणि मधल्या एखाद्या दिवशी ‘युवा संवाद’ उरकायचा, अशी बहुतेक ठिकाणची रीत असते. त्यातून तरुणांच्या हाती लागतं ते प्रमाणपत्र. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं १२ वं कलम मुलांना मत मांडण्याचा हक्क देतं. वय आणि समज पाहून त्या मताला वजन द्या, असंही ते सांगतं, आणि हा दुसरा भागच नेमका गळतो. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मांडलेल्या सहभागाच्या शिडीत आठ पायऱ्या आहेत. मुलांना नुसतं वापरून घेणं, शोभेला बसवणं आणि नावापुरतं बोलावणं या खालच्या तीन पायऱ्या त्यांनी सहभागात धरल्याच नाहीत.

खुला निर्णय कोणता?

कुणालाही निमंत्रण धाडण्याआधी एका पानावर चार गोष्टी लिहा: कोणता निर्णय व्हायचा आहे, त्यावर सही कुणाची, मसुदा कोणत्या तारखेला बंद होणार आणि काय आधीच ठरून गेलंय. उदाहरणार्थ, सौर ऊर्जेचं उद्दिष्ट ठरलेलं असेल. पण पॅनेल कुठल्या छतांवर बसवायची, पैसा कुणी घालायचा आणि जादा विजेला दर काय द्यायचा, हे खुलं असू शकतं. काहीच खुलं नसेल, तर सरळ माहिती-सत्र म्हणा. सल्लामसलतीच्या नावाखाली भाषणं ऐकवली की पोरं दुसऱ्यांदा फिरकत नाहीत.

मसुदा बंद होण्याआधी निदान १६ आठवडे हातात हवेत. परीक्षांच्या तारखा आधी पाहा, मग बैठकांच्या ठरवा.

माणसं कशी निवडायची

एका गटात २० ते २५ जण पुरे, वर पाच राखीव. संयुक्त राष्ट्रं आकडेवारीसाठी १५ ते २४ वयाला तरुण धरतात. तोच गट घ्यायला हरकत नाही. मात्र १८ खालच्यांची चर्चा वेगळ्या टेबलावर घ्या, नाहीतर पदवीचे विद्यार्थी बोलत राहतात आणि बाकीचे माना डोलावतात.

‘दोन हुशार मुलं पाठवा’ असं शाळेला कळवलं की वक्तृत्वात बक्षीस मिळवणारीच येतात. त्यापेक्षा अर्ज मागवा, त्यांचे गट पाडा (मुली, भाड्याच्या घरात राहणारे, वायरमनचं काम शिकणारे, वीज सतत जाते त्या भागातले, कोळसा खाणीवर पोट असलेल्या घरांतले) आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या काढा. खाणीच्या घरातला मुलगा ‘खाण बंद झाल्यावर बाबांनी काय करायचं?’ असं विचारतो, तेव्हा चर्चा जमिनीवर येते.

प्रवासखर्च त्याच दिवशी हातात द्या आणि काम करणाऱ्यांची बुडालेली मजुरीही भरून द्या. अल्पवयीनांसाठी पालकांची लेखी संमती हवीच, पण मुलांचीही विचारा. फोटोची परवानगी वेगळी घ्या.

शिकवणं: बिलापासून सुरुवात

तीन-तीन तासांची तीन सत्रं लागतात. पहिल्यात तापमानवाढीचे आलेख नकोत. ते त्यांना पाठ असतात. वीजबिल वाचायला लावा: स्थिर आकार, युनिट, टप्पे, कर.

मग एक शाळा हिशेबाला घ्या. कामाच्या दिवशी वापर ६० युनिट, सुट्टीला ८. छतावर १० किलोवॉटचा संच. ओळींमधली मोकळी जागा धरून सपाट छतावर त्याला साधारण १०० चौरस मीटर लागतात आणि चांगल्या उन्हाच्या दिवशी तो ४० युनिटच्या आसपास वीज देतो. सुट्टीच्या दिवशी त्यातले ३२ युनिट ग्रिडकडे, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक वीजजाळ्याकडे, जातात. त्याला दर काय द्यायचा? ग्राहक भरतो तोच दिला, तर तारा आणि रोहित्रांचा खर्च उरलेल्या ग्राहकांवर सरकतो. कमी दिला, तर संचाचे पैसे वसूल व्हायला जास्त वर्षं लागतात. आणि संध्याकाळी घराघरांत दिवे लागतात तेव्हा पॅनेलकडून वीज शून्य, म्हणजे बॅटरीचा किंवा वेळेनुसार दराचा प्रश्न आलाच. तासाभरात मुलं दरनिश्चितीच्या गाभ्यात पोचलेली असतात.

दुसऱ्या सत्रात एकमेकांशी न पटणारे दोन जाणकार बोलवा, प्रत्येकाला १५ मिनिटं. एकच तज्ज्ञ आणला, तर मुलांच्या सूचनांत त्याचीच वाक्यं उमटतात.

तिसरं सत्र लिखाणाचं. ‘सौर ऊर्जेला चालना द्यावी’ हे वाक्य परत पाठवा. कुणी, काय, कधीपर्यंत, कोणत्या पैशातून आणि मसुद्याच्या कुठल्या भागात, एवढं आलं की सूचना तयार. गटाकडून आठ-दहाच सूचना घ्या. मतभेद असतील तर दोन्ही मतं लिहा. एकमताचा आग्रह धरला की धारदार सूचना आधी कापली जाते.

अधिकाऱ्यांसमोर आणि त्यानंतर

ज्यांची सही होणार तेच बैठकीला हवेत, त्यांचे प्रतिनिधी नकोत. बैठक ९० मिनिटांची ठेवा आणि पहिला तास मुलांना द्या. स्वागत, दीपप्रज्वलन, मनोगत यांना फाटा द्या. त्यातच अर्धा वेळ जातो.

सहा आठवड्यांत लेखी उत्तर द्या. तक्त्याला चार रकाने: सूचना (मुलांच्याच शब्दांत), निर्णय, कारण, मसुद्यातलं कलम. ‘विचाराधीन’ हा शेरा चालणार नाही. स्वीकारली, अंशतः स्वीकारली किंवा फेटाळली, एवढेच पर्याय ठेवा.

आश्वासन देताना मात्र हात आखडता घ्या. फ्रान्सच्या हवामानविषयक नागरिक अधिवेशनात २०१९-२० मध्ये चिठ्ठी पद्धतीने १५० जण निवडले होते, किमान वय १६. त्यांचे प्रस्ताव ‘गाळणी न लावता’ पुढे नेऊ, असं राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी सांगितलं. पुढे अनेक प्रस्ताव पातळ झाले किंवा वगळले गेले. २०२१ मध्ये सरकारने प्रस्तावांची दखल कशी घेतली, यावर सदस्यांनी १० पैकी सरासरी ३.३ गुण दिले. ‘प्रत्येक सूचनेला कारणासह उत्तर मिळेल’ एवढंच वचन द्या, ते पाळता येतं.

धोरण लागू झाल्यावर वर्षभराने हाच तक्ता घेऊन पुन्हा बसा. तोवर काही जण शिक्षणासाठी, नोकरीसाठी पांगलेले असतात. म्हणून निम्मे जुने ठेवून निम्मे नव्या चिठ्ठ्यांनी भरा आणि नव्यांना बिलाचा हिशेब शिकवायचं काम जुन्यांकडे द्या.