कागदी लिंबावरील खैऱ्या : पहिल्या सरीआधीची फवारणी

मुंबईत पाऊस साधारण 11 जूनच्या सुमारास येतो. त्याआधी कागदी लिंबाचे झाड नीट तपासा, मग ते वसईच्या वाडीत असो की गच्चीवरच्या पिंपात. पानाच्या दोन्ही बाजूंना हाताला खरखरीत लागणारे उंच तपकिरी फोड आणि भोवती पिवळे वलय दिसले, तर तो खैऱ्या रोगच. कोवळ्या फांद्या आणि फळांवरही असेच फोड येतात. असे फळ खायला चालते, पण बाजारात भाव मिळत नाही.

रोग झँथोमोनास सिट्री या जिवाणूमुळे होतो. पावसाचे उडणारे थेंब आणि वारा तो पसरवतात. पानावरच्या रंध्रांतून किंवा जखमेतून तो आत शिरतो. उशिरा केलेली फवारणी वाया का जाते, हे समजायला त्याच्या पेशीतले ‘लॉन’ हे प्रोटीएज, म्हणजे प्रथिने तोडणारे विकर, माहीत हवे. प्रयोगशाळेतल्या सकस माध्यमात वाढताना लॉन हे एचआरपीजी नावाचे नियामक प्रथिन तोडत राहते आणि जिवाणूची हल्ल्याची यंत्रणा दबलेली राहते. झाडाच्या आत मात्र लॉनमधल्या 654 क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसते. मग तोडण्याचे काम मंदावते, एचआरपीजी टिकते आणि सुईसारखी रचना उभी राहून जिवाणू आपली प्रथिने थेट लिंबाच्या पेशींत सोडतो. त्यांतल्या पीटीएचए या प्रथिनामुळे पेशी फुगतात, वाढतात. फोड येतो तो त्यामुळे. फवारणीतले तांबे पानाच्या पृष्ठभागावरच राहते, आत शिरलेल्या जिवाणूपर्यंत पोहोचत नाही. म्हणून औषध आधी आणि पाऊस नंतर, हा क्रम चुकवू नका.

मे अखेरीस कोरड्या दिवशी रोगट फांद्या फोडाच्या बऱ्याच खाली छाटा. दर झाडानंतर कात्री 70 टक्के अल्कोहोलने पुसा. छाटलेला भाग सोसायटीच्या खतकुंडीत मुळीच टाकू नका. पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या. वाडीत असाल तर खोल पुरा.

नंतर 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारा. 10 लिटरसाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) 100 ग्रॅम आणि कळीचा चुना 100 ग्रॅम घ्या. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत 5-5 लिटर पाण्यात विरघळवा, चुना गाळून घ्या आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओता. लोखंडी सुरी त्यात मिनिटभर बुडवा. पाते तांबूस झाले तर चुना कमी पडला आहे, थोडा वाढवा. शहरात मिळणारा पानाचा चुना ओला असतो, वजनाइतका चुना त्यात नसतो. तो वापरत असाल तर ही चाचणी टाळू नका. चुना कमी पडला की पाने करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवा. एक-दोन कुंड्यांसाठी कॉपर ऑक्सिक्लोराइड 3 ग्रॅम प्रतिलिटर सोपे पडते.

पुढे सप्टेंबरपर्यंत 15 ते 20 दिवसांनी, उघडीप मिळेल तेव्हा फवारा. दिवस मोजण्यापेक्षा नव्या पालवीवर लक्ष ठेवा: फवारणीनंतर फुटलेल्या पानावर तांबे नसते आणि अर्धवट वाढलेले पानच सर्वांत लवकर रोगाला बळी पडते. पाने ओली असताना किंवा सर येणार दिसत असताना फवारू नका. हातमोजे घाला, आणि उरलेले पाणी माशांच्या टाकीजवळ किंवा गटारात ओतू नका.

नागअळीकडे दुर्लक्ष करू नका. तिने पोखरलेल्या चांदीसारख्या वळणदार रेषा जिवाणूला आयती वाट देतात. पालवी फुटताच 5 टक्के निंबोळी अर्क फवारा, पण तांब्यात मिसळून नव्हे, वेगळ्या दिवशी. पावसाळ्यात युरिया आवरता घ्या. तो जास्त झाला की लुसलुशीत पालवी एकामागून एक येते आणि अळी व जिवाणू दोघांनाही खाद्य मिळत राहते. स्ट्रेप्टोमायसिनसारखे प्रतिजैविक घरच्या झाडावर वापरू नका, जिवाणू त्याला लवकर सरावतो.

नवे रोप रोपवाटिकेतून आणताना पानांची मागची बाजू पाहा. एकही फोड दिसला तर ते रोप घेऊ नका.