दारू सोडण्याच्या पहिल्या मीटिंगला जायचंय? आधी स्टेशन ठरवा

उद्यापासून बंद, असं ठरवलं असेल तर आधी एक गोष्ट तपासा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम थांबवली की काही तासांतच हात थरथरणं, घाम, उलट्या सुरू होऊ शकतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भास होऊन माणूस भलतंच बोलू लागतो. हे जिवावर बेतू शकतं. म्हणून सकाळी उठल्याउठल्या घोट लागत असेल, तर मीटिंगच्या आधी डॉक्टर. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे यांतलं जे हॉस्पिटल जवळ असेल तिथे मानसोपचाराच्या ओपीडीसाठी केस पेपर काढा आणि खरं सांगा: रोज किती, शेवटची कधी. चारच्या जागी दोन सांगितलेत, तर औषधही दोनाच्या हिशेबाने मिळेल.

आता मीटिंग. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, बोलताना नुसतं ‘एए’. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना धरून सुरू केलेलं हे काम भारतात १९५७ पासून चालू आहे. तिथे डॉक्टर नसतो, भाषण ठोकणारे साहेब नसतात. पूर्वी प्यायचे आणि आता पीत नाहीत अशी माणसं तासदीड तास आपापलं सांगतात, बाकीचे ऐकतात. फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट.

ग्रुपचा पत्ता, वार आणि वेळ एए इंडियाच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या हेल्पलाइनवर मिळते. थेट एएला फोन करायला जीभ उचलत नसेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे. मन फारच बिघडलं असेल तर टेलिमानस, १४४१६. ग्रुपला फोन लागला की तीन गोष्टी विचारा. भाषा कुठली? मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी असे वेगवेगळे ग्रुप आहेत. मीटिंग ओपन की क्लोज्ड? क्लोज्ड फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी. ओपनला घरचं माणूसही सोबत बसू शकतं. आणि तिसरं, आज नक्की आहे ना? शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये मीटिंग भरत असेल, तर परीक्षा, मतदान, सण आला की खोली मिळत नाही. बाई असाल तर ग्रुपमध्ये बायका येतात का, हेही बेधडक विचारा.

ग्रुप निवडताना बहुतेकजण घराजवळचा शोधतात आणि तिथेच अडकतात. चाळीतलं कुणी बघेल या भीतीने पाय उचलतच नाही. पहिली मीटिंग सरळ दोन-तीन स्टेशनं लांबची धरा. पुढे नेहमीचा ग्रुप मात्र घड्याळ बघून निवडा. नोकरदाराची दारू बहुधा घड्याळावरच चालते: ऑफिस सुटलं, सातची लोकल, स्टेशनाबाहेरची परमिट रूम, क्वार्टर, चकणा, मग घर. दारू गेली की दिवसातला नेमका तेवढा तुकडा मोकळा पडतो आणि खायला उठतो. म्हणून मीटिंग त्याच वेळेची हवी, आणि शक्यतो अड्ड्याच्या आधीच्या स्टेशनावरची. दादरला उतरून प्यायची सवय असेल, तर परळला उतरायचं कारण हातात असू द्या.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी पोचा. उशिरा गेलात की सगळ्यांच्या माना वळतात, आणि तेच तर नको असतं. मी एका नातेवाइकासोबत ओपन मीटिंगला गेलो होतो. तो दाराजवळच्या खुर्चीवर, पायात चप्पल तशीच, दीड तास पळायच्या तयारीत बसला होता. बसा तसंच, कुणी काही म्हणत नाही. नुसतं नाव पुरतं, आडनाव नको. बोलायची पाळी आली तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा. ऐच्छिक वर्गणीची पिशवी फिरते, नव्या माणसाने ती खुशाल पुढे सरकवावी. प्रार्थना होते, देव न मानणारेही तिथे असतात. आणि तिथे कोण दिसलं, कोण काय बोललं, हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. शेजारचा गृहस्थ भेटला तरी नाही. तोही तुमच्याबद्दल तेच पाळणार असतो.

निघताना दोघातिघांचे नंबर घ्या. हे फोन पिण्याच्या आधी करायचे असतात. स्पॉन्सर, म्हणजे आधीपासून सोबर असलेला आणि तुम्हाला हात देणारा मेंबर, सावकाश शोधा. पहिला ग्रुप आवडला नाही तर दुसरा बघा. पाच-सहा मीटिंगा झाल्याशिवाय ‘आपल्याला जमत नाही’ म्हणू नका.

घरच्यांसाठी अल-ॲनॉन हे वेगळे ग्रुप आहेत. नवरा यायला तयार नसला तरी बायकोने जावं. तिथे बोलणं तिच्याबद्दल होतं, त्याच्या बाटलीबद्दल नाही.

मध्येच घसरलात, तर दुसऱ्या दिवशी त्याच ग्रुपला जा आणि सांगून टाका. ‘स्लिप’ तिथल्या अनेकांची झालेली असते, दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. आणि मीटिंग रविवारची असेल तर मेगाब्लॉक आदल्या रात्रीच बघून ठेवा. ‘गाडीच नव्हती’ हे कारण पिणाऱ्याला फार पटकन सापडतं.