प्लॅटिनमऐवजी कार्बन: काउंटर इलेक्ट्रोडवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

डाय-सेन्सिटाइज्ड सोलर सेलचा (रंगद्रव्याने प्रकाश शोषून वीज बनवणाऱ्या सौरघटाचा) प्रकल्प घेतला की बहुतेक जण नवा डाय, म्हणजे रंगद्रव्य, शोधायला धावतात. मी काउंटर इलेक्ट्रोड, म्हणजे डाय लावलेल्या इलेक्ट्रोडच्या समोरचा इलेक्ट्रोड, घेतला आणि त्यातच रमले. नव्यांनाही मी तोच सुचवते; साहित्य साधं लागतं आणि डोक्याला खाद्य भरपूर मिळतं.

ओ'रेगन आणि ग्रेट्झेल यांचा या सेलवरचा १९९१चा शोधनिबंध आधी वाचा. नेहमीच्या सेलमध्ये काउंटर इलेक्ट्रोड म्हणून एफटीओ काचेवर (वीज वाहणारा पारदर्शक लेप असलेल्या काचेवर) प्लॅटिनमचा पातळ थर असतो. तो इलेक्ट्रोलाइटमधल्या (दोन इलेक्ट्रोडमध्ये भरलेल्या द्रावणातल्या) ट्राय-आयोडाइडला इलेक्ट्रॉन देऊन त्याचं पुन्हा आयोडाइड करतो. पर्यायी पदार्थालाही तेच जमलं पाहिजे, शिवाय आयोडीनपुढे टिकाव धरता आला पाहिजे. तांबं, चांदी इथेच बाद होतात. उरतात कार्बन ब्लॅक, ग्राफाइट, पेडॉटसारखे वाहक पॉलिमर आणि कोबाल्ट सल्फाइडसारखी संयुगं.

सुरुवात कार्बननेच करा. त्याची उत्प्रेरक ताकद प्लॅटिनमपेक्षा कमी, पण थर सच्छिद्र आणि जाड केला की पृष्ठभाग वाढून ती कसर भरून निघते. प्लॅटिनमला काही नॅनोमीटर पुरतात, कार्बनला बऱ्याचदा दहा मायक्रोमीटर किंवा जास्त लागतात. खरी परीक्षा इथेच आहे, कारण जाड थर सुटतो. सुटलेला कण समोरच्या इलेक्ट्रोडला टेकला की सेल आतून शॉर्ट होतो. पेस्टमध्ये टिटॅनियम डायऑक्साइडचे बारीक कण मिसळले की पकड सुधारते. थर भाजून झाला की त्यावर चिकटपट्टी लावून ओढून बघा, मग रात्रभर इलेक्ट्रोलाइटमध्ये बुडवून ठेवा. सकाळी द्रावण गढूळ दिसलं, तर त्या पेस्टचा सेल बांधूच नका.

पूर्ण सेलच्या कार्यक्षमतेवरून पदार्थाची पारख करण्याची घाई मात्र टाळा. दोन सारख्याच काउंटर इलेक्ट्रोडमध्ये इलेक्ट्रोलाइट भरून डमी सेल बांधा आणि इम्पीडन्स (वेगवेगळ्या वारंवारतेच्या एसी विजेला होणारा विरोध) मोजा. त्याच्या आलेखात उच्च वारंवारतेकडच्या अर्धवर्तुळावरून चार्ज ट्रान्सफरचा रोध, म्हणजे इलेक्ट्रोड आणि इलेक्ट्रोलाइट यांच्यात इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होताना येणारा अडथळा, मिळतो. इलेक्ट्रोड दोन आहेत, म्हणून त्याला दोनने भागा आणि क्षेत्रफळाने गुणा. डाय किंवा फोटोअॅनोडमधला (डाय लावलेल्या इलेक्ट्रोडमधला) दोष या आकड्यात मिसळत नाही, म्हणून माझा त्यावर जास्त भरवसा आहे. तुलनेचा प्लॅटिनम सेलही त्याच इलेक्ट्रोलाइटने, त्याच दिवशी बांधा.

खर्चाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. प्लॅटिनम महाग असलं तरी लागतं अगदी थोडं. एफटीओ काचेचा खर्चही तितकाच मनावर घ्यायला हवा. जाड कार्बन थर स्वतःच वीज वाहू शकतो, त्यामुळे मागची एफटीओ काच वगळता येते. अँड्रियास के आणि ग्रेट्झेल यांनी १९९६ मध्ये कार्बन इलेक्ट्रोड वापरून असा एकाच काचेवरचा सेल दाखवला होता. प्रकल्पाला विषय शोधत असाल, तर तिथून पुढे काम करा.