मूळ संख्या आणि मसावि: या चुका टाळा

मसावि म्हणजे महत्तम सामाईक विभाजक, दिलेल्या सगळ्या संख्यांना भाग देणारी सर्वांत मोठी संख्या. त्याचं उत्तर चुकलं की मुलं गुणाकार पुन्हा तपासत बसतात. चूक बहुधा त्याआधीच झालेली असते: अवयव पाडणं मध्येच थांबलेलं असतं.

24 आणि 36 घ्या. 24 = 4 × 6 आणि 36 = 4 × 9 असं लिहिलं, दोन्हीकडे 4 दिसला, म्हणून मसावि 4. इथेच घोळ होतो, कारण 4, 6 आणि 9 अजून फुटतात. 24 = 2 × 2 × 2 × 3, 36 = 2 × 2 × 3 × 3. दोन्हीकडे सामाईक आहेत दोन 2 आणि एक 3, म्हणजे मसावि 12. प्रत्येक अवयव मूळ होईपर्यंत, म्हणजे त्याला 1 आणि तो स्वतः एवढेच दोन विभाजक उरेपर्यंत, थांबायचं नाही.

पण अवयव मूळ झाला हे ओळखायचं कसं? नुसतं बघून ठरवू नका. 51, 57, 87, 91 या मूळ वाटतात, पण एकही नाही. सतरा त्रिक एक्कावन्न पाठ असूनही 51 फसवतो. विषम म्हणजे मूळ, हा समज डोक्यातून काढायलाच हवा. 2 तर सम असूनही मूळ आहे. 91 ला 2, 3, 5 ने भाग जात नाही म्हणून सोडून देतात, आणि 7 × 13 निसटतं.

कुठपर्यंत भागून बघायचं, याला सोपी मर्यादा आहे. संख्या दोन अवयवांत फुटत असेल, तर त्यातला लहान अवयव तिच्या वर्गमूळापेक्षा मोठा असूच शकत नाही. 97 हा 10 × 10 पेक्षा लहान, म्हणून 10 पेक्षा लहान मूळ संख्या, 2, 3, 5, 7, एवढंच तपासा. एकानेही भाग जात नाही, म्हणजे 97 मूळ.

1 मूळही नाही, संयुक्तही (दोनपेक्षा जास्त विभाजक असलेला) नाही. त्याला विभाजक एकच. तरी सामाईक विभाजकांच्या यादीत तो नेहमी येतो. 8 आणि 15 चा मसावि '0' किंवा 'नाही' असं लिहिलेलं दिसतं. तो 1 आहे. या दोन्ही संख्या संयुक्त असूनही सहमूळ आहेत, म्हणजे 1 सोडून त्यांचा सामाईक विभाजक नाही.

लसावि म्हणजे लघुत्तम सामाईक विभाज्य, सगळ्या संख्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या. मसावि × लसावि = संख्यांचा गुणाकार, हा पडताळा फार उपयोगी, पण दोनच संख्यांसाठी. 4, 6, 10 चा मसावि 2, लसावि 60, गुणाकार 120. संख्यांचा गुणाकार मात्र 240.